काजळीची फलटण आणि किल्ल्यांचे मानकरी

जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत एखाद्या हलकट माणसाला ‘ब्लॅगर्ड’ म्हणून हाणतात. लिहिताना मात्र हा शब्द सरळ ‘ब्लॅक गार्ड’, म्हणजे काळा पहारा, असा लिहायचा आणि बोलताना मधला ‘क’ गिळून टाकायचा. वाचणाऱ्याला वाटतं, काळ्या गणवेशातली, भाले परजणारी एखादी तुकडी असणार. प्रत्यक्षात या ‘पहाऱ्या’च्या हातात भाला नव्हता, घासणी होती! सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये राजाच्या आणि सरदारांच्या मुदपाकखान्यात हंडे घासणारी, कोळसा वाहणारी आणि चुलीतली राख उपसणारी पोरं, ती ही काळी फलटण.

स्वयंपाकघरातल्या नोकरांची जुनी नावं उचकून पाहिली की एक हिशेब जमतो. किल्ल्या आणि मालकाचं ताट ज्यांच्या हाती, त्यांच्या नावांचे किताब झाले. काजळी ज्यांच्या हाती, त्यांच्या नावांच्या शिव्या झाल्या. अपवाद आहेत, आणि तेच जास्त मजेदार आहेत. चला तर, मागच्या दाराने आत शिरू.

वरातीमागून कढया

त्या काळी राजा एका वाड्यात फार दिवस बसत नसे. मुक्काम हलला की पुढे चिलखतं घातलेले खरे पहारेकरी, मध्ये राजा, मानकरी आणि त्यांचा लवाजमा. सगळ्यात मागे गाड्यांवर लादलेले हंडे, कढया, लोखंडी सळया, कोळशाची पोती आणि त्यांच्यावर बसलेली, नखशिखांत काळी झालेली पोरं. लोकांनी रस्त्याच्या कडेने बघून म्हटलं असणार, ‘हे पाहा महाराजांचं काळं रक्षक दल!’ बहुतेक अभ्यासक ‘ब्लॅक गार्ड’ या नावामागे अशी लष्करी थट्टाच पाहतात. हा शब्द १५३०च्या दशकापासून लिखाणात सापडतो.

आधी कपडे घाला

आठव्या हेन्रीच्या हॅम्प्टन कोर्ट वाड्यात स्वयंपाकाच्या पन्नासहून अधिक खोल्या होत्या आणि सुमारे २०० माणसं दिवसातून दोन वेळा सहाशेच्या आसपास दरबाऱ्यांची पोटं भरत. १५२६ साली राजाच्या घरकारभाराची शिस्त लावण्यासाठी एल्थम इथे नियमावली निघाली. तिच्यात बजावलं होतं की भांडी घासणाऱ्या पोरांनी उघडंनागडं फिरू नये, घाणेरड्या चिंध्या घालू नयेत आणि रात्री-दिवसा चुलीपाशी जमिनीवर लोळू नये. त्यांना धड कपडे पुरवण्याची जबाबदारी मुख्य आचाऱ्यांवर टाकली. नियम काढावा लागला, यावरूनच आत काय चित्र होतं ते कळतं. अखंड पेटलेल्या भट्ट्यांपुढे अंगात सदरा कोण ठेवणार? आणि थंडीच्या रात्री चुलीसारखी उबदार जागा दुसरी कुठे सापडणार?

हिरवं मेजपोस, काळी पोरं

इंग्लंडच्या राजवाड्याचा हिशेब पाहणारं एक मंडळ होतं. त्याचं नाव ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’, कारण मंडळी बसत त्या टेबलावर हिरवं कापड अंथरलेलं असे. १६८३ साली या मंडळाने फर्मान काढलं: ‘ब्लॅक गार्ड’ म्हणून ओळखली जाणारी उनाड, बिनमालकाची पोरं दरबाराच्या मागे मागे फिरतात, त्यांना हाकलून द्या. दीडशे वर्षांत नोकराचा उनाड झाला होता. पुढे १७८५ साली फ्रान्सिस ग्रोसने रस्त्यावरच्या बोलीचा कोश काढला, त्यात तर हे नाव शिपायांचे बूट पुसणाऱ्या फाटक्या पोरांवरून पडलं असं सांगितलंय. तेव्हा स्वयंपाकघर लोक विसरले होते, काजळी तेवढी लक्षात राहिली होती. कोळसा उगाळावा तितका काळाच! गंमत अशी की हिरव्या टेबलाचं ते मंडळ नावापुरतं का होईना, थेट २००४पर्यंत टिकलं.

मशालीकडून मोरीकडे

आता आपल्याकडचा नमुना. लष्कराच्या मेसच्या नोकरभरतीत ‘मसालची’ नावाचं पद आजही दिसतं. काम आचाऱ्याला मदत करायचं आणि भांडी धुवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हा मसाला वाटणारा असणार. मसाल्याचा इथे काडीचा संबंध नाही. हा मूळचा मशालजी, म्हणजे पालखीपुढे मशाल घेऊन धावणारा. कंपनी सरकारच्या काळात साहेबांच्या बंगल्यावर त्याला भांडी घासायला बसवलं आणि नाव तेच राहिलं. इंग्रजीतल्या काळ्या फलटणीचा प्रवास नेमका उलटा: ते नाव भांड्यांपासून निघालं आणि पुढे लंडनच्या रस्त्यांवर लोकांना दिवट्या दाखवणाऱ्या पोरांनाही लागलं. दोन्हीकडे मशाल आणि काजळी शेजारी शेजारी.

दिसायला भावंडं, नात्याने परके

भांडी घासायची खोली ती ‘स्कलरी’ आणि घासणारा तो ‘स्कलियन’. एका आईची लेकरं वाटतात ना? ‘स्कलरी’ आली ताटलीसाठीच्या जुन्या फ्रेंच शब्दातून. ‘स्कलियन’ मात्र बहुधा पोतेरं किंवा झाडू अशा अर्थाच्या वेगळ्याच फ्रेंच शब्दातून आला. म्हणजे खोलीला नाव मिळालं ताटाचं आणि माणसाला पोतेऱ्याचं. दोघं वर्षानुवर्षं एकाच मोरीत राहिले, म्हणून चेहरे सारखे झाले.

पत्त्यांतला गुलाम

इंग्रजीतला ‘नेव्ह’ मूळचा साधा मुलगा. जर्मन भाषेत ‘क्नाबे’ म्हणजे आजही मुलगाच. मग तो घरगडी झाला, ‘किचन नेव्ह’ झाला आणि शेवटी लुच्चा ठरला. पत्त्यांच्या जोडात राजा-राणीखालच्या पानाला इंग्रज लोक आधी ‘नेव्ह’ म्हणत, ‘जॅक’ हे नाव मागून रुळलं. आपण त्याला गुलाम म्हणतो. नोकराचं नोकरपण आपल्या पत्त्यांनी तरी लपवलं नाही!

राजा झाला, मग सळई फिरवली

मोठं जनावर भाजायचं तर लोखंडी सळईत ओवून ते आगीपुढे तासन्‌तास फिरवावं लागे. हे काम पोरांचं. या खात्यात एक माजी राजाही कामाला होता. मे १४८७ मध्ये डब्लिनच्या कॅथीड्रलमध्ये लॅम्बर्ट सिम्नेल नावाच्या जेमतेम दहा वर्षांच्या मुलाला इंग्लंडचा खरा वारस म्हणून मुकुट घालण्यात आला. डाव बंडखोर सरदारांचा होता. महिनाभरात स्टोकच्या लढाईत सातव्या हेन्रीने बंड चिरडलं. पोराला फासावर न चढवता राजाने त्याला आपल्या भटारखान्यात सळई फिरवायला बसवलं. दया दाखवली आणि अपमानही केला, एका दगडात दोन पक्षी. मोठेपणी त्याला राजाचे शिकारी ससाणे सांभाळायचं काम मिळालं.

कुत्रा लागला नोकरीला

पुढे पोरांच्या जागी कुत्रे आले. आखूड पायांचा, लांबुडक्या अंगाचा कुत्रा भिंतीवर टांगलेल्या लाकडी चाकात घालायचा. तो आत धावला की चाक फिरायचं आणि दोरीने जोडलेली सळईही फिरायची. हे कुत्रे जोडीने ठेवत, एकाची पाळी संपली की दुसऱ्याची. १५७६ साली छापलेल्या, इंग्लंडमधल्या कुत्र्यांवरच्या पुस्तकात त्यांची नोंद आहे. यंत्रं आल्यावर त्यांना कोण विचारणार? जात नामशेष झाली. वेल्समधल्या अ‍ॅबरगॅव्हनीच्या संग्रहालयात पेंढा भरलेला एक नमुना आहे, त्याचं नाव व्हिस्की.

बाटलीवाल्यांची कमाई

आता किल्ल्यांच्या मानकऱ्यांकडे वळू. ‘बटलर’ म्हणजे मुळात बाटलीवाला, मद्याच्या तळघराचा राखणदार. ११८५ साली थिओबाल्ड वॉल्टर या सरदाराला आयर्लंडच्या मुख्य बटलरपदाचा मान मिळाला. त्यासोबत आयर्लंडच्या बंदरात उतरणाऱ्या दारूत सुमारे दहावा हिस्सा घेण्याचा हक्कही घराण्याकडे आला. घराण्याचं आडनावच बटलर पडलं, किलकेनीचा किल्ला त्यांचा झाला. हा हक्क सरकारने १८११ साली परत विकत घेतला, तो २,१६,००० पौंड मोजून. इतकी बाटल्यांची कमाई आपल्या मुंबईच्या भंगारवाल्यांनाही झेपायची नाही!

‘बटलर’च्या जवळची ‘बटरी’ ही खोलीही लोण्याची नव्हे, पिंपांची. आणि ‘पॅन्ट्री’ ही पावाची, लॅटिन ‘पानिस’वरून आलेली. पोर्तुगिजांनी गोव्यात आणलेला ‘पाव’ त्याच लॅटिन शब्दाचा वंशज. रेल्वेच्या पॅन्ट्री कारमधून तुम्ही पावसँडविच घेता, तेव्हा दोन चुलतभाऊ एकत्र येतात.

कारभाऱ्याने मुंबई दिली

‘स्ट्यूअर्ड’ म्हणजे घराची, कोठाराची आणि जेवणाची व्यवस्था पाहणारा कारभारी. स्कॉटलंडच्या राजाकडे हे पद एका घराण्यात वंशपरंपरेने चालत आलं. लग्नसंबंध जुळले आणि १३७१ मध्ये त्या घराण्यातला रॉबर्ट थेट गादीवर बसला. पदाचं आडनाव झालं होतं, आडनावाचं राजघराणं झालं. फ्रान्समध्ये वाढलेल्या मेरी राणीमुळे स्पेलिंग फ्रेंच वळणाने ‘स्टुअर्ट’ झालं. १६०३ मध्ये याच घराण्याला इंग्लंडही मिळालं. दुसरा चार्ल्स याच वंशातला. त्याच्या लग्नात पोर्तुगिजांनी मुंबई आंदण दिली आणि त्याने ती १६६८ मध्ये वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या पदरात टाकली. विमानात ‘स्ट्यूअर्ड’ चहा आणून देईल तेव्हा जरा अदबीने घ्या, मुंबई एकेकाळी त्याच्या नाववाल्यांची होती.

लॉर्ड म्हणजे भाकरीचा राखणदार

‘लॉर्ड’ हा शब्द जुन्या इंग्रजीत ‘हलाफ-वेअर्ड’ असा होता: भाकरीचा, म्हणजे त्यांच्या पावाच्या लादीचा राखणदार. ‘लेडी’ म्हणजे तीच भाकरी मळणारी. आणि पदरी असलेला माणूस म्हणजे ‘भाकरी खाणारा’. मीठ कोणाचं खाल्लं याचा हिशेब आपण ठेवतो, तसा त्यांनी पिठाचा ठेवला. आज लॉर्डांच्या सभागृहात बसणाऱ्या किती जणांना कणीक मळता येते, हा प्रश्न वेगळा.

सूपवाले कर्नल

तुर्की सुलतानाची जॅनिसरी फौज म्हणजे युरोपची झोप उडवणारी फौज. या सगळ्या फौजेला ‘ओजाक’ म्हणत, म्हणजे चूल. पलटणीचा सरदार ‘चोरबाजी’, म्हणजे शोरबावाला! शिपाई टोपीत चमचा खोवत. पलटणीचा मोठा हंडा निशाणाइतका पवित्र होता. सुलतानावर रुसले की ते हंडा पालथा घालत, म्हणजे तुझं अन्न आम्हाला नको. तुर्की भाषेत ‘हंडा उचलणे’ याचा अर्थ बंड करणे असा आजही होतो. १८२६ मध्ये दुसऱ्या महमूद सुलतानाने ही फौजच मोडून काढली.

इजिप्तमध्ये तर १३०९ साली गादीवर बसलेल्या बेबर्स सुलतानाची ओळखच ‘जाशनकीर’ अशी आहे. जाशनकीर म्हणजे राजाचं अन्न आधी चाखून पाहणारा. वर्षभरात गादी गेली, पण चाखून तर झाली.

बावर्ची, म्हणजे भरवशाचा माणूस

राजेश खन्नाचा ‘बावर्ची’ १९७२चा, पण हे नाव फार जुनं. मंगोल दरबारात ‘बाउरची’ हे खासगी रक्षकांच्या दलातलं मानाचं पद होतं. चंगीझखान त्यावर अगदी विश्वासातली माणसं नेमायचा, आणि त्याला कारण होतं. तो लहान असताना त्याच्या बापाला तातारांनी मेजवानीत विष घातलं होतं. ज्याच्या घरात असं घडलं, तो चुलीपाशी कोणालाही कसा उभा करेल? मध्य आशियातून हा शब्द फारसीत आला, फारसीतून हिंदुस्तानात, आणि वाटेत तलवार गळून पडून हातात झारा तेवढा उरला.

खानसाम्याची घसरण

खानसामा तर कुठून कुठे आला! मुघलांच्या राज्यात ‘खान-ए-सामान’ हा बादशहाच्या सगळ्या कारखान्यांचा, कोठारांचा आणि घरखर्चाचा मुख्य अधिकारी. मोठमोठे उमराव या पदासाठी टपलेले असत. दोन-अडीचशे वर्षांनी तोच शब्द डाक बंगल्यात साहेबासाठी कोंबडी शिजवणाऱ्या म्हाताऱ्याला लागला. बादशाही गेली तशी किल्ल्यांची वजनंही गेली. पदाचं नाव तेवढं हाती उरलं, तेही खरकट्या हाती.

मराठी दौलतीच्या अठरा कारखान्यांत मुदबखखाना होता, पाण्या-पेयांचा आबदारखाना होता आणि शरबतखानाही होता. ‘मुदबख’ हा अरबी ‘मतबख’, म्हणजे स्वयंपाकघर. मराठी जिभेने त्याचा ‘मुदपाक’ केला आणि शेपटीला संस्कृत ‘पाक’ चिकटल्यासारखा करून टाकला. आता तो सोवळ्यातलाच वाटतो.

भटियारीण आणि भटारखाना

सराईत उतरलेल्या मुसाफिरांना रांधून घालणारा तो भटियारा. हिंदीत दोन बायका कचाकचा भांडल्या की ‘भटियारिनों की तरह’ भांडल्या म्हणतात. गिऱ्हाईक ओढायला आरडाओरडा करावा लागायचा, त्याची ही शिक्षा. मराठीने मात्र माणसाला सोडून खोली उचलली: हॉटेलाचं स्वयंपाकघर म्हणजे भटारखाना. टेबलावर बसून हाक मारणाऱ्याला तिथला धूर दिसत नाही, म्हणून शब्दात शिवीही उतरली नाही.

राजपुत्र वर्षभर चुलीपाशी

लपायचं असेल तर स्वयंपाकघरासारखी जागा नाही, कारण तिथल्या नोकराचं तोंड कोणी बघत नाही. अज्ञातवासाच्या वर्षात भीम विराटाकडे बल्लव नावाने आचारी म्हणून राहिला. ‘बल्लव’ म्हणजे आचारीच. अमरकोशात आचाऱ्याला सूपकार, आरालिक, सूद, औदनिक अशी नावांची रांगच आहे: वरण करणारा सूपकार, भात करणारा औदनिक. नळ राजा बाहुक होऊन ऋतुपर्णाकडे राहिला, तेव्हा त्याने रांधलेलं मांस चाखून दमयंतीने नवरा ओळखला.

थेट तिकडे आर्थर राजाच्या कथेतही हेच. कॅक्स्टनने १४८५ मध्ये छापलेल्या मॅलरीच्या ग्रंथात राजाचा भाचा गॅरेथ नाव लपवून वर्षभर स्वयंपाकघरात राहतो आणि दरबारचा कारभारी सर के त्याची ‘बोमेन्स’, म्हणजे सुंदर हातांचा, अशी टिंगल करतो. भीमाच्या आणि त्याच्या नोकरीची मुदतही सारखीच, एक वर्ष. भीमाने मात्र मुदत संपता संपता कीचकाचा चुराडा करून घेतला.

ढालीवर तीन हंडे

काजळीतून वर चढलेला एक खराखुरा माणूस सापडतो. गीयोम तिरेल, उर्फ ताईवाँ, १३२६ साली फ्रान्सच्या राणीकडे ‘स्वयंपाकघरातला पोरगा’ म्हणून कामाला होता. चढत चढत तो राजाचा मुख्य आचारी झाला. मध्ययुगातलं फ्रेंच पाककृतींचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक त्याच्याच नावावर आहे. त्याच्या थडग्यावर तो चिलखत घालून उभा आहे, आणि ढालीवर सिंह-गरुडांच्या जागी तीन हंडे कोरलेत.

त्याच्याच देशात सहाशे वर्षांनंतर भांडी घासणाऱ्याला ‘प्लॉन्जर’ म्हणत, म्हणजे बुडी मारणारा. जॉर्ज ऑरवेलने पॅरिसमध्ये हे काम केलं आणि १९३३च्या आपल्या पुस्तकात हॉटेलांच्या तळघरांतली घाण आणि घाम उघडा पाडला. काळ्या फलटणीला चांगला लेखक मिळायला चारशे वर्षं लागली.

आणि शेवटी महाराज

स्कॉटलंडमध्ये कारभाऱ्याचा राजा झाला. आपल्याकडे गुजराती-मारवाडी घरांनी राजाचा किताबच आचाऱ्याला देऊन टाकला: ‘महाराज, आज दाल-बाटी!’ मराठीत तो आचारी, म्हणजे आचार पाळणारा, सोवळ्यातला. लग्नाच्या बातमीत किंवा पाककृतीच्या सदरात त्याला कौतुकाने बल्लवाचार्य म्हणतात, म्हणजे थेट भीमाच्या गादीवर बसवतात. एवढे मान मिळूनही मागच्या अंगणात पातेली घासायला बसलेल्या बायकांना आजही किताब नाही, त्यांना नुसतं ‘भांडीवाली’. आणि जमलेल्या पाहुण्यांना यातलं काही ठाऊक नसलं, तरी एक जुना नियम मात्र चांगला पाठ असतो: वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसावं.